खुंट बघून कलम घ्यावे!

नागपूरच्या उत्तरेला, सावनेर तालुक्यात, कन्हान नदीच्या काठी खापा नावाचे गाव आहे. जुन्या नागपूरकरांना ते आठवते कोष्ट्यांच्या मागांमुळे आणि जवळच्या गुमगावच्या मँगनीजच्या खाणीमुळे. माझ्यापुरते विचाराल, तर ते माझ्या थोरल्या बहिणीचे गाव. भाऊजींचा संत्र्याचा बगीचा आहे. ताई घर सांभाळून गल्लीतल्या बायकांची भिशी चालवते. आणि त्यांचे एकुलते एक चिरंजीव नागपूरला कॉलेजात जातात व उरलेला सारा वेळ संगणकावर खेळ खेळतात. हे खेळ म्हणजे पत्ते किंवा सापशिडी नव्हेत. मोटारी धावतात, विमाने पडतात, किल्ले ढासळतात, आणि हे सारे इतके हुबेहूब, की स्वयंपाकघरातून डोकावणाऱ्या माणसाच्या हातून उलथने पडावे!

2024 च्या मे महिन्यात एके दुपारी ताईचा फोन आला. "अरे, तू आधी इकडे ये. पोरगं दोन दिवस नीट जेवलं नाही, आणि हे त्याच्याशी बोलत नाहीत."

झाले होते ते असे. चिरंजीवांनी जानेवारीत भिशीचे पंचवीस हजार आईकडून मागून घेतले होते आणि सुटे भाग आणून घरीच संगणक जुळवला होता. तो चार महिने चालला आणि मेच्या उन्हात एका संध्याकाळी करपल्याचा वास सोडून बंद पडला. दुकानदाराने "जळालेल्या मालाला वॉरंटी नसते" एवढे सांगून हात वर केले. भाऊजी म्हणाले, "झालं ते पुरे. आता या घरात संगणकाचं नाव काढायचं नाही."

मी गेलो. तरुणपणी ट्रान्झिस्टर उघडून दुरुस्त करण्याचा नाद मला होता. त्यामुळे अशा प्रेतपरीक्षेला नातेवाईक मलाच बोलावतात. डबा उघडला. प्रोसेसर बसतो त्या चौकटीशेजारी काळा डाग पडला होता, आणि तेथले दोन कॅपॅसिटर डोक्यावर पुरीसारखे फुगले होते. मदरबोर्डावर करणाऱ्याचे नाव शोधून सापडेना. खोका मात्र झोकदार होता. त्यावर आग ओकणारा राक्षस आणि खाली मोठ्या अक्षरांत 'गेमिंग'!

"मामाजी, डब्यावर गेमिंग लिहिलं होतं जी," भाचा केविलवाण्या आवाजात म्हणाला.

आपल्या बाजारात असे बोर्ड पुष्कळ येतात. 2011 च्या सुमारास निघालेल्या एच-61 जातीच्या बोर्डांचे दिवस केव्हाच संपले. पण भंगारात गेलेल्या बोर्डांवरचा मुख्य चिपसेट काढून तो नव्या कोऱ्या फळीवर डकवतात आणि वर रंगीत खोका चढवतात. कचेरीत चार पत्रे टंकायला तो चालेल. त्यावर तासन्‌तास खेळ चालवणे म्हणजे सायकलच्या चाकांवर बैलगाडी हाकणे होय.

आता मदरबोर्ड म्हणजे काय, हे भाऊजींना कसे सांगावे? "सगळे भाग जिला जोडतात ती फळी" एवढ्याने त्यांचे समाधान होईना. "फळीच ना? मग ती स्वस्त असली तर बिघडलं कुठं?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, संगणक घेणारे निम्मे लोक मनातून असेच समजतात. प्रोसेसरचे नाव सांगताना छाती फुगते, ग्राफिक्स कार्डाचे नाव सांगताना आवाज चढतो, आणि बोर्डाचे नाव विचारले की "आहे कुठला तरी!"

मग मला त्यांच्याच बागेचा आधार घ्यावा लागला. नागपुरी संत्र्याचे झाड बियांपासून लावत नाहीत. जंबेरी किंवा रंगपूर लिंबाचे रोप आधी वाढवतात, आणि त्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. बाजारात मान मिळतो तो संत्र्याला. पण माती खुंटाची, पाणी खुंटाचे, रोगाशी झुंज खुंटाची. खुंट कच्चा असला तर रोपवाटिकेत ते कळत नाही. कळते पाच-सहा वर्षांनी, झाड पिवळे पडू लागल्यावर. संगणकातही डोळा म्हणजे प्रोसेसर, आणि बोर्ड हा खुंट.

भाऊजी थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे पोरानं रोपवाटिकेची पावतीच घेतली नव्हती तर!"

त्या दिवसापासून त्या घरात पुन्हा बोलणे सुरू झाले. ताईने दिवाळीपर्यंत भिशीतून नवी रक्कम उभी करायचे कबूल केले, एका अटीवर: या खेपेला मामाने पारखून द्यायचे. ती पारख करताना मला जे शिकावे लागले, ते वाचकांच्याही उपयोगी पडेल असे वाटते. कारण हा हट्ट हल्ली घरोघरी आहे.

पहिली गोष्ट ही, की बोर्डाने खेळ वेगवान होत नाही. खेळाची गती ठरते मुख्यतः ग्राफिक्स कार्डावर आणि त्यानंतर प्रोसेसरवर. तेच दोन भाग साध्या बोर्डावर बसवा की महागड्या, पडद्यावर फरक जवळजवळ दिसणार नाही. तेव्हा बोर्डासाठी पैसे मोजायचे ते वेगासाठी नव्हे, टिकाऊपणासाठी. रंगीबेरंगी दिवे, काचेची नक्षी आणि तो राक्षस यांचे पैसे वेगळे पडतात. ज्याला हौस असेल त्याने द्यावेत.

टिकाऊपणाचे मर्म आहे विजेच्या घाटात. डब्यातला वीजपुरवठा बोर्डाला 12 व्होल्टची वीज देतो. पण प्रोसेसरला हवी असते साधारण सव्वा व्होल्टची. हे रूपांतर प्रोसेसरच्या चौकटीभोवतीचे भाग करतात; त्यांना व्हीआरएम म्हणतात. आता गंमत पाहा. आजच्या मध्यम प्रोसेसरवर 65 वॅट असे छापलेले असते. एएमडीच्या नव्या घराण्यात तोच प्रोसेसर जोर लावतो तेव्हा 88 वॅटपर्यंत जातो. 88 वॅट सव्वा व्होल्टवर द्यायचे म्हणजे सत्तरएक अँपिअरचा प्रवाह! खोलीतले एसीचे धूड घेते सात-आठ अँपिअर. म्हणजे तळहाताएवढ्या जागेतून एवढा प्रवाह वाहतो. दाब कमी, पण लोंढा मोठा.

हा लोंढा एकाच वाटेने सोडला तर वाट जळते. म्हणून त्याच्या अनेक वाटा करतात आणि त्या पाळीपाळीने उघडतात. बागेत पाण्याची पाळी लावतात तसे. या वाटांना फेज म्हणतात. जाहिरातीत "14 फेज" असे झळकते. पण पुष्कळदा एकाच वाटेचे दोन फाटे मोजून आकडा फुगवलेला असतो. तेव्हा आकड्यापेक्षा एकेका वाटेची ताकद किती अँपिअरची, आणि तिच्यावर उष्णता शोषणारा धातूचा ठोकळा खरा आहे की नुसते प्लॅस्टिकचे झाकण, हे पाहावे. खरा ठोकळा हाताला जड लागतो आणि स्क्रूने आवळलेला असतो. भाच्याच्या जुन्या बोर्डावर वाटा तीन होत्या आणि ठोकळा एकही नव्हता.

ठोकळ्याचे महत्त्व आपल्या विदर्भाला विशेष. 88 वॅट पोहोचवताना दहाएक वॅट वाटेतच उष्णता होऊन जातात. हे बोर्ड तपासणारे परदेशी परीक्षक आपली मोजमापे बहुधा पंचवीस अंशांच्या खोलीत करतात. आमच्याकडे 23 मे 2013 रोजी नागपुरात 47.9 अंशांची नोंद झाली होती! आणि 2024 च्या 30 मे रोजी, म्हणजे भाच्याचा बोर्ड जळाला त्याच महिन्यात, नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने 56 अंश दाखवले. साऱ्या देशात हाकाटी झाली. मग हवामान खात्याने खुलासा केला, की यंत्राचा संवेदकच बिघडला होता. उन्हाने हवामान खात्याच्या यंत्राचीही ही गत, तर खाप्यातल्या पत्र्याच्या डब्याची काय कथा! परीक्षकाच्या आकड्यात वीस अंश मिळवूनच तो वाचावा, असा मी नियम केला.

वीस अंशांनी काय होते, ते कॅपॅसिटरवरून कळेल. जुन्या पद्धतीच्या कॅपॅसिटरमध्ये ओला द्रव असतो. "105 अंशांवर 2,000 तास" असे आयुष्य त्यावर लिहिलेले असते, आणि तापमान दर दहा अंशांनी उतरले की ते दुप्पट होते. म्हणजे 65 अंशांवर तोच कॅपॅसिटर 32,000 तास काढील. रोज आठ तास धरले तर अकरा वर्षे. पण तो 85 अंशांवर राहिला तर 8,000 तास, म्हणजे तीन वर्षेही नाहीत. घन पॉलिमरचे कॅपॅसिटर वेगळे. त्यांवर 5,000 तास लिहिले असेल तर वीस अंश उतरताच ते दसपट होते. 85 अंशांवर 50,000 तास, म्हणजे त्याच हिशेबाने सतरा वर्षे. हे सर्व कागदावरचे हिशेब, पण दिशा खरी आहे. पॉलिमरचा कॅपॅसिटर ओळखणे सोपे: त्याच्या डोक्यावर फुलीची चीर नसते, सपाट चकचकीत टोपी असते.

या बारीक नळकांड्यांनी एकदा साऱ्या जगाला रडवले आहे. 1999 पासून पुढली सात-आठ वर्षे तैवानकडून आलेल्या कित्येक कॅपॅसिटरांतला द्रव सदोष निघाला. तो आतून वायू सोडी, टोपी फुगे, आणि बोर्ड अवेळी मरे. मोठमोठ्या कंपन्यांचे संगणक त्यात गेले. त्या धड्यानंतरच चांगल्या बोर्डांवर घन कॅपॅसिटर सर्रास आले. आज घरी जुळवण्याचे बोर्ड करणारी आसुस, एमएसआय, गिगाबाइट आणि ॲझरॉक ही चार मोठी नावे तैवानचीच आहेत, आणि चौघांची घरे तैपेई व तिच्या लगतच्या वस्तीत. चौघांचेही स्वस्त बोर्ड साधे असतात आणि महाग बोर्ड भक्कम. तेव्हा "अमकी कंपनी चांगली" या वादात मी पडत नाही. बोर्डागणिक पारख करावी.

दुसरा विचार पुढल्या वर्षांचा. एएमडीने एएम-4 नावाची बैठक काढली. तिच्यावर रायझन प्रोसेसर 2017 च्या मार्चमध्ये आले. पुढे 2022 साली निघालेला प्रोसेसरही, बोर्डातली मूळ आज्ञावली बदलली की, 2017 च्या कित्येक बोर्डांवर बसू लागला. जुन्या खुंटावर नवा डोळा! भाऊजींना हे फार आवडले. इंटेलची 1700 टाचांची बैठक 2021 च्या अखेरीस आली आणि 2024 च्या ऑक्टोबरमध्ये तिच्या जागी दुसरी आली. एएमडीची एएम-5 बैठक 2022 च्या सप्टेंबरमधली, आणि 2027 पर्यंत व पुढेही ती चालवू असे कंपनीने जाहीर केलेले. आमच्यासारख्या दर दोन वर्षांनी नवा डबा न घेणाऱ्यांना हीच सोयीची वाटली.

बोर्डातल्या या मूळ आज्ञावलीला बायोस म्हणतात, आणि विश्वासू बोर्डाची एक खूण म्हणजे करणारा ती वेळेवर सुधारून देतो की नाही. 2023 च्या एप्रिलमध्ये एएमडीचे काही नवे प्रोसेसर चौकटीतच जळाले. उपाय म्हणून एका व्होल्टेजवर 1.3 व्होल्टची मर्यादा घातली गेली. 2024 साली इंटेलच्या तेराव्या व चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेज मागून स्वतःच खचू लागले. ऑगस्टमध्ये दुरुस्ती निघाली आणि कंपनीने वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. दोन्ही औषधे ग्राहकापर्यंत पोहोचली ती बायोसमधूनच. ज्या बोर्डाला नाव नाही, त्याला औषध कोण पाठवणार? म्हणून दुकानात जाण्यापूर्वी त्या बोर्डाच्या कंपनीच्या संकेतस्थळावर शेवटचे बायोस कोणत्या महिन्याचे, ते पाहून जावे. आणि बायोस बदलताना वीज गेली तर बोर्ड अर्धमेला होतो; यूपीएसवाचून ते करू नये. काही बोर्डांच्या पाठीला, प्रोसेसर नसतानाही बायोस भरता येण्याचे बटण असते. खेड्यापाड्यात त्याच्यासारखा दुसरा वैद्य नाही.

तसेच एक लहानसे वैशिष्ट्य: कोपऱ्यातले चार दिवे. प्रोसेसर, मेमरी, ग्राफिक्स आणि डिस्क यांपैकी कोठे अडले, ते त्यांतला एक दिवा पेटून सांगतो. नागपुरात राहणाऱ्याला त्याची किंमत वाटणार नाही. पण जेथून दुरुस्तीला बस धरून जावे लागते, तेथे हे दिवे सोन्याचे.

ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, आम्ही तिघे सीताबर्डीला गेलो. बी-650 चिपसेटचा, मध्यम आकाराचा, म्हणजे 244 मिलिमीटर चौरसाचा बोर्ड ठरला होता. एक्स-670 ही त्याच्यावरची जात. पण ती म्हणजे बी-650 चीच चिप दोनदा बसवलेली, जोडण्या वाढवण्यासाठी. आमच्या भाच्याला तेवढ्या जोडण्या कशाला हव्यात? दुकानदाराने दोन हजारांनी स्वस्त असा एक बोर्ड पुढे केला. भाऊजींनी तो उलटासुलटा केला, ठोकळ्यावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाले, "भाऊ, हे प्लॅस्टिक आहे." दुकानदार त्यांच्याकडे पाहतच राहिला!

शेवटी घेतलेल्या बोर्डाला तेराएक हजार पडले. सबंध यंत्र सत्तर हजारांच्या आत बसले. त्यात 65 वॅटचा रायझन 5 7600 आणि मेमरीच्या दोनच पट्ट्या. चार घेतल्या तर या बैठकीवर मेमरीचा वेग उतरतो. जीएसटीची पावती भाऊजींनी स्वतः मागून घेतली, तिच्यावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहवला, वॉरंटी तीन वर्षांची आहे व ती भारतातल्या अधिकृत वितरकाची आहे हे वाचून घेतले. परदेशातून मधल्यामध्ये आलेल्या मालाला ती मिळत नाही. खोकाही जपावा, परत पाठवायची वेळ आली तर तोच लागतो. आणि चौकटीतल्या टाचा मोजल्या गेल्या पाहिजेत, म्हणजे अक्षरशः नव्हे. एएम-5 मध्ये त्या 1,718 आहेत! पण दुकानातच झाकण उघडून एकही वाकलेली नाही एवढे पाहावे. वाकलेली टाच घरी गेल्यावर दिसली तर तिचा धनी ग्राहकच होतो.

जुळवणी खंडेनवमीला खाप्यात झाली. त्यापूर्वी भाऊजींनी घराचे अर्थिंग तपासून घेतले. खड्डा कोरडा पडला होता. कोळसा-मीठ नव्याने घालून पाणी दिले. आधीचा डबा दोन टोकांच्या सॉकेटवर चालला होता, हे तेव्हा उघडकीस आले! शस्त्रपूजेला ताईने हळदकुंकवाचे तबक आणले आणि कुंकू थेट बोर्डावर वाहणार, तोच भाचा ओरडला. कुंकू खोक्यावर वाहिले.

डब्यातल्या पितळी खुंट्या बोर्डाच्या छिद्रांशी जुळवून घ्याव्या लागतात. एखादी जास्तीची राहिली तर ती पाठीमागून टेकते आणि बोर्ड विनाकारण मरतो. एक जास्तीची निघाली, काढली. हात लावण्याआधी दर वेळी डब्याचा उघडा पत्रा शिवायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. सारे जुळले. कळ दाबली. पंखे फिरले.

पडदा काळाच!

एक मिनिट गेले. दोन गेली. भाचा पांढरा पडला. ताईचे ओठ हलू लागले. भाऊजी खिडकीबाहेर पाहू लागले, आणि सत्तर हजारांचा आकडा खोलीत कुणी न उच्चारताही ऐकू येऊ लागला. मी वाकून कोपऱ्यात पाहिले. मेमरीचा पिवळा दिवा लागलेला होता. "हात लावू नका," मी म्हटले. "पहिल्या खेपेला हा आपली मेमरी ओळखून घेतो. कित्येक मिनिटे लागतात." वाचले होते खरे, पण त्या क्षणी माझाही विश्वास डळमळत होता. न राहवून कुणी मध्येच वीज तोडतो आणि बोर्ड खराब म्हणून दुकानात धावतो, असेही होते. चौथ्या मिनिटाला दिवा विझला, आणि पडद्यावर कंपनीचे नाव उमटले. ताईने तबक उचलून यंत्राला ओवाळले. या वेळी भाच्याने हरकत घेतली नाही.

त्यानंतरची परीक्षा उन्हाळ्याची होती. डबा कूलरच्या खोलीत ठेवला, पण झोताच्या वाटेत नाही. कूलरची ओलसर हवा आणि धूळ मिळून बोर्डावर चिखलाचा थर चढतो. मागच्या जाळीवर कापड ताणून बांधले, कारण उबेसाठी आत शिरणारी पाल हा आपल्याकडचा आणखी एक शत्रू. त्याचा उल्लेख कोणत्याही परदेशी परीक्षकाने केलेला नाही. पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग तर काढायचाच, पण इंटरनेटची तारही काढायची; पुष्कळदा वीज तिच्यातूनच येते.

2025 च्या मेमध्ये मी पुन्हा खाप्याला गेलो. बोर्डावरच्या व्हीआरएमचे तापमान पडद्यावर वाचता येते. भाचा ते रोज दुपारी वहीत टिपत होता. बाहेर चव्वेचाळीस अंश असताना आत अठ्ठ्याहत्तर, त्याच्यावर नाही. वही दाखवायला तो बैठकीत आला, तर खुर्ची रिकामी नव्हती. भाऊजी चश्मा नाकावर आणून शेतीच्या एका खेळात ट्रॅक्टर चालवत बसले होते. बांधावरून तो दोनदा कोसळला होता.

"अरे," त्यांनी मान न वळवता मला विचारले, "यात गहू आहे, मका आहे, द्राक्षंसुद्धा आहेत. संत्रं कुठं ठेवलं यांनी?"